हॉर्नसंगीत, ब्रिटिश
हॉर्नसंगीत, ब्रिटिश : (विसावे शतक व नंतर). फ्रेंच हॉर्न हे पाश्चात्त्य वाद्यवृंदातील एक पितळी सुषिर वाद्य. शिकारीच्या शिंगापासून ते विकसित झाले. त्याच्या एफ पट्टीतील वेटोळी नळी सरळ केल्यास सु. ३·७ मी. लांब भरते. ओठांचा ताण व फुंकर यांच्या साहाय्याने या नळीतून एक नैसर्गिक स्वरमालिका निघते. तिच्यातील सातवा, अकरावा व तेरावा हे स्वर रूढ समविभागी सप्तकाशी जुळत नाहीत. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जर्मनीमध्ये झडपांची योजना झाली व सर्व अर्धस्वर वाजविणे सुकर झाले. तथापि मालिकेच्या वरच्या भागातील स्वर परस्परांच्या इतके निकट असतात, की ओठांचा ताण किंचित चुकताच भलताच स्वर उमटतो. त्यामुळे या वाद्याच्या एकलवादनाचा इतिहास हा बव्हंशी त्याच्या वादकांचा इतिहास ठरतो. इंग्लंडमध्ये याचा विशेष प्रत्यय येतो.

ऑब्री ब्रेन (१८९३–१९५५) हा बीबीसी सिंफनी वाद्यवृंदातील प्रमुख हॉर्नवादक. एथेल स्मिथ (१८५८–१९४४) या संगीतकर्त्रीच्या व्हायोलिन व हॉर्न यांच्या कन्चेर्टोचा लंडनमधील पहिला प्रयोग १९२७ मध्ये झाला, त्यात हॉर्नवादन त्याचेच होते. त्याचा पुत्र डेनिस ब्रेन (१९२१–५७) याच्या वादनाने मात्र ब्रिटिश संगीतकारांना या वाद्याकडे नव्याने पाहावयास लावले. दुसऱ्या महायुद्धकाळात तो ब्रिटिश हवाई दलाच्या वाद्यवृंदात होता. तेथे त्याचे वादन ऐकून बेंजामिन ब्रिटन (१९१३–७६) याने टेनर गायक, हॉर्न व तंतुवाद्ये यांसाठी ‘सेरेनेड’ ही रचना केली. संध्याकाळ व रात्र यांविषयीच्या इंग्रजी कवितांच्या या गीतमालेचा पहिला प्रयोग १५ ऑक्टोबर १९४३ रोजी लंडनच्या विगमोर हॉलमध्ये पीटर पिअर्स व ब्रेन यांनी केला. प्रारंभीचा व अखेरचा भाग एकट्या हॉर्नचा असून तो झडपांविना, केवळ नैसर्गिक स्वरांत वाजवावयाचा आहे. अखेरचा भाग रंगमंचामागून ऐकू येतो. ज्या स्वरांना एरवी बेसूर म्हणून दुरुस्त केले जाई, त्यांनाच ब्रिटनने भावाभिव्यक्तीचे स्थान दिले.

पुढे गॉर्डन जेकब (१८९५–१९८४) याचा कन्चेर्टो (१९५१), मायकेल टिपेट (१९०५–९८) याचा चार हॉर्नसाठीचा सोनाटा (१९५५) आणि मॅल्कम आर्नल्ड (१९२१–२००६) याचा दुसरा कन्चेर्टो (१९५६) या रचना ब्रेनला अनुलक्षून झाल्या. १ सप्टेंबर १९५७ रोजी एडिंबरोहून लंडनला परतताना मोटार अपघातात तो मरण पावला.

याच सुमारास इंग्लंडमधील वाद्यही बदलत होते. ऑब्रीच्या पिढीचे हॉर्न फ्रेंच बनावटीचे, अरुंद नळीचे व उजळ, सडपातळ नादाचे होते. रुंद नळीच्या जर्मन वाद्यात स्वर अधिक निश्चितपणे लागे व नादही भरदार असे. डेनिसनेही १९५१ च्या सुमारास जर्मन वाद्य स्वीकारले. या बदलाने वादन निर्धोक झाले, पण इंग्लिश वादनाची एक जुनी नादछटा मागे पडली.

ब्रेननंतर ही परंपरा खंडित झाली नाही. ऑस्ट्रेलियात जन्मलेला बॅरी टकवेल (१९३१–२०२०) हा १९५५ ते १९६८ पर्यंत लंडन सिंफनी वाद्यवृंदाचा प्रमुख हॉर्नवादक होता. त्याच्यासाठी ॲलन हॉडिनट (१९६९), थिआ मस्ग्रेव्ह (१९७१) व ऑलिव्हर नसेन (१९९४) यांनी कन्चेर्टो रचले. मस्ग्रेव्हच्या कन्चेर्टोत अन्य हॉर्नवादक सभागृहात विखुरले जातात व त्यांचे स्वर श्रोत्यांना वेढतात. पीटर मॅक्सवेल डेव्हिस (१९३४–२०१६) याची ‘सी ईगल’ (१९८२) ही रचना साथीविना एकट्या हॉर्नसाठी आहे. ती रिचर्ड वॉटकिन्स या वादकासाठी झाली व कॉलिन मॅथ्यूज याच्या कन्चेर्टोचा पहिला प्रयोगही (२००१) त्यानेच केला.

शिकारीची हाक, दूरत्व व सांजवेळ हे या वाद्याचे जुने भावविश्व ब्रिटिश संगीतकारांनी टाकून दिले नाही. सभागृहातील अंतर व नैसर्गिक स्वरांतील विसंवाद यांच्या योगे त्यांनी त्याला नवा अर्थ दिला. यांतील बऱ्याच रचना एका विशिष्ट वादकाच्या श्वासासाठी जन्मल्या, तरी त्या वादकांच्या पश्चातही वाजविल्या जातात, हे त्यांचे खरे यश होय.