तळटीप १४ : हॉलोवेच्या गोळ्या

१४. ‘हॉलोवेसाहेबाच्या गोळ्या’: टॉमस हॉलोवे (१८००–१८८३) या इंग्रज व्यापाऱ्याच्या पोटाच्या गोळ्या. १८३७ साली त्याने आधी मलम बाजारात आणले, गोळ्या पाठोपाठ आल्या. तो डॉक्टर नव्हता. जाहिरातीत स्वतःला ‘प्रोफेसर’ म्हणवून घेई, ते कसले हे मात्र सांगत नसे. १८४२ साली त्याने जाहिरातींवर ५,००० पौंड घातले. अखेरीस हा आकडा वर्षाला ५०,००० वर गेला. औषध कसे घ्यावे याच्या सूचना त्याने हिंदुस्थानातल्या बऱ्याच देशी भाषांतही छापवल्या होत्या. अपचनापासून तापापर्यंत बहुतेक सगळे रोग या गोळ्यांनी बरे होतात, असा त्याचा दावा असे. प्रत्यक्षात गोळीत मुख्यतः काळा बोळ (कोरफडीचा वाळवलेला रस), सुंठ आणि साबण. म्हणजे रेचक. कोठा साफ होई, एवढा गुण खरा; आजीच्या बटव्यातला बोळही तेच करत होता, तोही फुकट.

सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० साली आली आणि १८७७ पासून टपालखात्याने व्ही.पी.ची (पार्सल हाती पडताना पैसे भरण्याची) सोय केली. त्यामुळे असली औषधे जाहिरात वाचून घरबसल्या मागवता येऊ लागली. मुंबई इलाख्यात डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा १९१२ चा. प्रस्तुत प्रसंग त्याआधीचा आहे, तेव्हा मजकुरातल्या ‘डॉक्टर’ या उपाधीवरून कोणाची पदवी गृहीत धरू नये.