ब्रेकमध्ये विरणारं पेट्रोल

वेग वाढला की पेट्रोल जास्त जळतं, हा समज महामार्गावर खरा ठरतो, कारण हवेचा रोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बंगळूरच्या सिग्नलांवर मात्र खरा खादाड असतो ब्रेक. पेट्रोल जाळून कमावलेली गती प्रत्येक थांब्याला उष्णता होऊन विरते. याचं उत्तर याच शहरात शोधलं गेलं होतं. मैनी समूहाने २००१ साली आणलेली ‘रेवा’ ही चिमुकली विजेची मोटार ब्रेक लावताना त्या ऊर्जेचा काही भाग बॅटरीत परत भरत असे. ती फारशी खपली नाही आणि २०१० मध्ये कंपनी महिंद्राकडे गेली, हा आक्षेप रास्त आहे. पण खपावरून तत्त्व खोटं ठरत नाही. आजच्या हायब्रिड मोटारीही तेच तत्त्व वापरतात.

कोंडी चालकाच्या हातात नसते, असंही कुणी म्हणेल. खरं आहे, पण लाल दिवा दुरून दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय उचलणं त्याच्याच हातात असतं. गाडी गिअरमध्ये असेल तर आधुनिक इंजिन तेवढा वेळ इंधन घेणं बहुधा थांबवतं. ‘रेवा’ने यंत्राकडून करवून घेतलेली काटकसर पेट्रोलच्या गाडीत चालकाच्या नजरेने साधावी लागते.