श्लोक कोठे थांबतो? : संस्कृत नाटकाची तालीम आणि कल्याणचा परिसर

संस्कृत नाटक बसविणे ही एक स्वतंत्र विद्या आहे; ती शिकवावी लागते आणि शिकविता येते, हे आपल्याकडे फार जुन्या काळी ठाऊक होते. मध्यंतरी ते विसरले गेले. या विस्मरणाचा इतिहास पाहावयाचा तर पुण्या-मुंबईकडे वळण्याआधी आपल्याच सीमाभागातील दोन गावांपाशी थांबले पाहिजे. एक कलबुर्गी जिल्ह्यातील मळखेड, म्हणजे राष्ट्रकूटांचे मान्यखेट. आणि दुसरे बीदर जिल्ह्यातील बसवकल्याण, म्हणजे चालुक्यांची राजधानी कल्याण.

मान्यखेटाच्या दरबारात नवव्या शतकात ‘कविराजमार्ग’ हा कन्नडमधील आद्य काव्यशास्त्रग्रंथ सिद्ध झाला, एवढे सांगून पुढे जाऊ. नाटकाच्या दृष्टीने कल्याण अधिक महत्त्वाचे. सहाव्या विक्रमादित्याच्या कारकिर्दीत (१०७६–११२६) काश्मीरहून निघालेला बिल्हण येथे येऊन स्थिरावला व ‘विद्यापती’ झाला. ‘विक्रमांकदेवचरित’ हे त्याचे महाकाव्य सर्वांना ठाऊक असते. पण येथे येण्यापूर्वी गुजरातेत अणहिलवाड्यास त्याने ‘कर्णसुंदरी’ ही नाटिका लिहिली होती, हे सहसा कोणी ध्यानात घेत नाही. म्हणजे नाटक लिहिलेला कवी या गावात वावरत होता. पुढे विक्रमादित्याचा पुत्र तिसरा सोमेश्वर याने ‘मानसोल्लास’ रचला. त्याचा काळ ११३०च्या सुमाराचा. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असा हा शंभर अध्यायांचा ग्रंथ बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत श्रीगोंदेकरांच्या संपादनाखाली १९२५पासून तीन भागांत प्रसिद्ध झाला. राज्यकारभार, पाकशास्त्र, हत्ती-घोडे यांच्याबरोबरच गीत, वाद्य आणि नृत्य यांचे विस्तृत विवेचन त्यात आहे. महाराष्ट्रातील स्त्रिया कांडण करताना ओवी गातात, ही मराठी माणसाला अभिमानाने सांगावीशी वाटणारी नोंद याच ग्रंथातली. नृत्यविनोदाच्या प्रकरणात नट, नर्तक, नर्तकी, वैतालिक, चारण आणि कसरतीचे खेळ करणारा कोल्हाटिक असे प्रयोग करणाऱ्यांचे वर्गच राजाने पाडले आहेत. सोमेश्वराचा पुत्र जगदेकमल्ल याच्या नावावरही ‘संगीतचूडामणि’ हा ग्रंथ आहे. बापलेकांनी राज्य करता करता असे ग्रंथ लिहावेत, यावरून त्या नगरीत प्रयोगविद्येला केवढे स्थान होते याची कल्पना येते.

या साऱ्या परंपरेच्या मुळाशी भरताचे नाट्यशास्त्र आहे. दिग्दर्शकाच्या शिक्षणाचा प्रश्न भरताने वाचिक अभिनयाच्या प्रकरणात जवळजवळ सोडवूनच ठेवला आहे, असे मला वाटते. आवाजाची तीन स्थाने: उर, कंठ आणि शिर. उच्च, दीप्त, मंद्र, नीच, द्रुत आणि विलंबित असे पाठाचे सहा अलंकार. काकूचे दोन प्रकार: साकांक्ष, म्हणजे ज्यात काही सांगावयाचे उरले आहे असे वाक्य, आणि निराकांक्ष, म्हणजे पुरे झालेले. नंतर विरामाचा नियम येतो, आणि तो कळीचा आहे. विराम अर्थ पुरा झाला की घ्यावयाचा, प्रसंगाच्या गरजेप्रमाणे घ्यावयाचा. केवळ वृत्त थांबते म्हणून नटाने थांबावयाचे नाही. शाळेत आपण श्लोक नेमका याच्या उलट म्हणावयास शिकतो. प्रत्येक चरणाच्या शेवटी सूर खाली आणावयाचा, अर्थ पुढे वाहत असला तरी! नट मोठा झाला तरी ही शाळेतली सवय त्याच्या जिभेवर राहते, आणि ती मोडणे हे दिग्दर्शकाचे पहिले काम ठरते.

एक उदाहरण घेऊ. शाकुंतलाच्या पहिल्या अंकात दुष्यंत हरिणामागे रथ घालतो, आणि पळत्या हरिणाचे वर्णन करणारा श्लोक म्हणतो. वृत्त स्रग्धरा, एकवीस अक्षरांचा चरण, सात-सात अक्षरांवर यती. हरीण मान वळवून मागे पाहते, बाणाच्या भीतीने मागचे अंग पुढच्या अंगात ओढून घेते, श्रमाने उघड्या पडलेल्या तोंडातून अर्धे चघळलेले दर्भ वाटेवर गळतात, आणि उंच उड्यांमुळे ते जमिनीवर थोडे व आकाशातच अधिक धावते. शेवटच्या चरणाच्या आरंभी राजा ‘पाहा’ म्हणतो. कोणाला? सारथ्याला. म्हणजे तीन चरण राजाची नजर हरिणावर खिळलेली आहे, आणि चौथ्यात तो प्रथमच शेजारच्या माणसाकडे वळतो. लगेच त्याच्या ध्यानात येते की पाठलाग चालू असूनही हरीण दिसेनासे होत चालले आहे. सारथी सांगतो की जमीन उंचसखल असल्याने लगाम आवळून रथाचा वेग कमी केला आहे. हा श्लोक वर्णनासाठी थांबलेला नाही. त्याच्यावरूनच पुढचा संवाद चालू होतो. हे ज्याने ओळखले नाही तो दिग्दर्शक रंगमंचावर चाकांचा रथ आणतो, आणि नटाला प्रेक्षकांकडे तोंड करून सुरेल गळ्याने चार चरण म्हणावयास सांगतो. कालिदासाने रथाचा वेग अभिनयानेच दाखवावा अशी सूचना देऊन ठेवली आहे. भरताच्या कक्ष्याविभागाप्रमाणे नटाने रंगपीठावर फेरी मारली की स्थळ बदलते. एवढी सोपी आणि एवढी अवघड ही पद्धत आहे.

अर्वाचीन मराठी रंगभूमीने ही विद्या कशी पुन्हा कमावली व गमावली, हेही पाहण्याजोगे आहे. १८४३ साली सांगलीत विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, त्यामागे कर्नाटकातून आलेल्या भागवत मंडळींच्या खेळाची प्रेरणा होती. त्या नाटकांत पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे गद्य भाषण आयत्या वेळी करीत. परशुरामपंततात्या गोडबोले यांनी संस्कृत नाटकांची मराठी भाषांतरे केली. ती वाचली गेली. बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूरच्या अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात शाकुंतलाचे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, तेव्हा पद्य प्रथमच सूत्रधाराच्या तोंडून निघून पात्राच्या मुखी आले. साकी, दिंडी, कीर्तनातल्या आणि कानडी गाण्यांच्या चाली त्यांनी वापरल्या. कानडी मुलखातल्या मराठी माणसाच्या कानात दोन भाषांचे छंद असतात, त्याचेच हे फळ.

किर्लोस्करांच्या मागे ही तालीम गोविंद बल्लाळ देवलांच्या हाती आली. हरिपूरचे देवल काही काळ शिक्षक होते. त्यांनी ‘मृच्छकटिक’ मराठीत आणले, आणि १९०५ साली मिरजेत शकुंतलेच्या भूमिकेत प्रथम उभ्या राहिलेल्या बालगंधर्वांना नाटकाची तालीम त्यांनीच दिली. गणपतराव बोडसही त्यांच्याच हाताखाली तयार झाले. ‘दिग्दर्शक’ हा शब्द तेव्हा रूढ नव्हता, तालीममास्तर म्हणत. नट आपली नक्कल पाठ करून येई आणि तालीममास्तर शब्दाशब्दाला त्याचा उच्चार, त्याचा थांबा, त्याची नजर ठरवून देई. ही विद्या ऐकून ऐकून उतरत असे. ती कोणी सविस्तर लिहून ठेवली नाही, आणि आपली मोठी हानी तेथेच झाली. पुढे पदे वाढत गेली, वन्समोअर वाढले, आणि श्लोकाचे गाणे होऊन बसले. गायकीने रंगभूमीला जे दिले ते अमोल आहे, यात शंका नाही. परंतु पद सुरू झाले की दुष्यंत सारथ्याला विसरे. १९३२ नंतर मराठी बोलपट आला, मंडळ्या एकेक करून बंद पडल्या आणि तालीममास्तरांची ती पिढीही संपली.

आमच्या भागाचा यातील वाटा मुख्यतः प्रेक्षकाचा. मुंबईहून मद्रासकडे जाणारा लोहमार्ग १८७१ साली गुलबर्ग्यावरून पुरा झाला, आणि १८७४ साली वाडीहून हैदराबादचा फाटा निघाला. सोलापूरकडून निजामाच्या राजधानीस जाणाऱ्यांची वाट यापुढे गुलबर्ग्यावरूनच गेली. बीदरला आगगाडी १९३०च्या दशकाच्या आसपास पोहोचली. मग १ नोव्हेंबर १९५६ आला. हैदराबाद राज्य विभागले गेले. उदगीर, निलंगा, अहमदपूर हे बीदरचे तालुके मुंबई राज्यात गेले, बीदर आणि गुलबर्गा म्हैसूर राज्यात. मराठी वाचक दोन्हीकडे वाटला गेला. नाटकाची पुस्तके मात्र वाचनालयांच्या कपाटांतून सीमेच्या अलीकडेही राहिली, हे भाग्यच.

देशात पुढे या विद्येचा पुन्हा शोध सुरू झाला. १९१२पासून त्रिवेंद्रमहून भासाची नाटके छापली जाऊ लागली होती. गोदावरीबाई केतकर यांनी १९२८ साली भरताच्या नाट्यशास्त्रावर मराठीत ग्रंथ लिहिला; नाट्यप्रेमी सभासदांनी तो अवश्य मिळवून वाचावा. १९५८ साली हबीब तन्वीर यांनी ‘मृच्छकटिक’ छत्तीसगढी लोकनटांच्या हाती दिले. १९७८ साली कावालम नारायण पणिक्कर यांनी भासाचा ‘मध्यमव्यायोग’ संस्कृतातच केला, आणि श्लोक नटाच्या अंगात कसा मुरतो ते दाखविले. कर्नाटकात हेग्गोडूच्या नीनासमने १९८० साली नाट्यशिक्षणाची संस्था काढली. म्हैसूरचे रंगायण १९८९ साली उभे राहिले, आणि त्याचे एक भावंड आता कलबुर्गीतही आहे. शिकविण्याची जागा नाही, ही सबब त्यामुळे या भागात चालावयाची नाही.

शिकवावयाचे काय, याविषयी एक सूचना करावीशी वाटते. संस्कृत नाटक नावाला एका भाषेचे असले तरी प्रत्यक्षात अनेक भाषांचे असते. दुष्यंत संस्कृत बोलतो, शकुंतला शौरसेनी; प्रस्तावनेत नटी गाते ती महाराष्ट्री प्राकृतात, आणि सहाव्या अंकातला कोळी मागधीत बोलतो. भाषांतरात हे सारे एकसारख्या पुस्तकी मराठीत उतरते व नाटकातले अर्धे अंतर पुसून जाते. पुण्याच्या दिग्दर्शकाला हे अंतर मोठ्या यत्नाने समजावून सांगावे लागते. बीदरच्या बाजारात मराठी, कन्नड, दखनी आणि तेलुगू ऐकत वाढलेल्या मुलाला ते जन्मतःच कळते. कोणाशी कोणत्या भाषेत बोलावे याचा निर्णय तो दिवसातून दहा वेळा घेत असतो. त्याला सहावा अंक बसवावयास द्यावा. राजाची अंगठी विकताना सापडलेला कोळी दखनीत गयावया करू दे, त्याला मारणारे शिपाई कन्नडात दरडावू देत, आणि अंगठी पाहून राजा जे बोलतो ते श्लोक मराठीत येऊ देत, चरणाच्या शेवटी न थांबता, अर्थ पुरा होईल तेथे थांबून.