‘हे तं परवाच वाचलं!’ : बातमीतल्या पुनरुक्तीच्या अभ्यासाची प्रस्तावना

जानेफळच्या हॉटेलात (वऱ्हाडात चहाच्या टपरीलाही हॉटेलच म्हणतात) एकच पेपर सकाळपासून दुपारपर्यंत वीसेक हातांतून फिरतो. पहिलं पान एकाकडे, जिल्ह्याचं पान दुसऱ्याकडे आणि बाजारभावाचं पान ज्याच्या हाती लागेल त्याचं. अशाच एका सकाळी शेजारच्या बाकावरच्या काकांनी पान टेबलावर आपटलं. “काहून छापते हे लोक तेच ते? हे तं परवाच वाचलं!” बातमी पीकविम्याची मुदत वाढल्याची होती. हॉटेलवाला म्हणाला, “काका, मोबाइलात वाचली असन तुमी.” काका म्हणाले, “मोबाइलात बी वाचली अन् पेपरात बी.” मग कुणीतरी भजी बांधायला ठेवलेल्या रद्दीतून परवाचा अंक शोधून काढला. बातमी खरोखरच होती, शब्द न शब्द तीच. काका जिंकले. तेवढ्यात कोपऱ्यात चहा पीत बसलेला एक पोरगा म्हणाला, “मी तं आजच वाचली बुवा पहिल्यांदा.”

या प्रस्तावनेतून ज्या अभ्यासाच्या अंगणात वाचकाला बोलवायचं आहे, त्याचं सगळं भांडवल या चार वाक्यांत आलं. एकच मजकूर एकाला शिळा आणि दुसऱ्याला ताजा वाटतो. तो पुन्हा छापला गेला, पण का छापला गेला हे संपादकालाही बहुधा ठाऊक नसतं. आणि पुनरुक्ती पकडली ती रोज पेपर वाचणाऱ्या माणसाने. पत्रकारितेच्या वर्गात बातमी कशी लिहावी हे शिकवतात. तीच बातमी पुन्हा आली तर काय होतं, हे फारसं कुणी शिकवत नाही.

आपल्याकडे या प्रश्नाचा विचार छापखान्याच्या पुष्कळ आधी झाला आहे. न्यायसूत्रांत वादात हार पत्करायला लावणारी २२ निग्रहस्थाने सांगितली आहेत, त्यांत ‘पुनरुक्त’ हे एक. तोच शब्द किंवा तोच अर्थ पुन्हा सांगणारा वादी हरला. पण सूत्रकाराने लगेच अपवाद ठेवला : अनुवाद सोडून. अनुवाद म्हणजे काही हेतू धरून पुन्हा सांगणं. आज मराठीत अनुवादाचा अर्थ भाषांतर एवढाच उरला आहे आणि मूळ अर्थ आपण विसरलो, ही मला जरा हळहळीची गोष्ट वाटते. कारण काकांच्या तक्रारीचा निवाडा करायला तोच शब्द हवा होता. ‘हे पुन्हा का सांगितलं?’ या प्रश्नाला उत्तर असेल तर तो अनुवाद, नसेल तर पुनरुक्त.

मराठी पत्रकारितेचा जन्मच मुळी एका अनुवादातून झाला. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ रोजी मुंबईत ‘दर्पण’ काढलं, तेव्हा एका रकान्यात मराठी आणि शेजारच्या रकान्यात तोच मजकूर इंग्रजीत असे. दोन्ही भाषा येणाऱ्या वाचकाला प्रत्येक गोष्ट दोनदा मिळत होती. म्हणून त्याने तक्रार करायची का? तशी अपेक्षाच नव्हती. दोन रकाने दोन वेगळ्या वाचकांसाठी होते, आणि इंग्रजी रकाना वाचणाऱ्यांत सत्ताधारीही होते. पुढच्या पत्रांत दुसऱ्या पत्रातली बातमी ‘अमुक पत्रावरून’ असं म्हणून उचलण्याची रीत सर्रास होती आणि तीत कुणाला लाज वाटत नसे. मुंबईचं पत्र वऱ्हाडात पोचायला दिवस लागत, त्यामुळे उचललेली बातमी इथल्या वाचकाला नवीच असे.

पुनरुक्ती दोष ठरली ती वृत्तसंस्था आणि तारायंत्र आल्यावर. १८३५ मध्ये पॅरिसला आवासची आणि १८५१ मध्ये लंडनला रॉयटरची वृत्तसंस्था उभी राहिली, आणि एकच तार शेकडो संपादकांच्या टेबलावर एकाच वेळी पडू लागली. स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे पीटीआय आली, १९६१ मध्ये यूएनआय. फेब्रुवारी १९७६ मध्ये आणीबाणीच्या काळात या दोन्ही आणि त्यांच्यासोबत हिंदुस्थान समाचार व समाचार भारती अशा चारही संस्थांची मोट बांधून ‘समाचार’ नावाची एकच संस्था केली गेली. ती एप्रिल १९७८ पर्यंत टिकली. त्या दोन वर्षांचे वेगवेगळ्या पत्रांचे अंक शेजारी ठेवून वाचावेत. सारखेपणा सरकारी हुकमाने येतो तेव्हा कसा दिसतो आणि आळसाने येतो तेव्हा कसा, हे ताडून पाहायला याहून चांगलं साहित्य मला माहीत नाही. नव्या अभ्यासकाने इथून सुरुवात करावी, असा माझा आग्रह आहे.

जानेफळसारख्या गावांतल्या पुनरुक्तीचं कारण मात्र तारेत नव्हतं. ते मी नंतर एका जुन्या उपसंपादकाकडून समजून घेतलं. लांबच्या गावांसाठी ‘डाक आवृत्ती’ लवकर छापतात, कारण अंक रात्रीच गाडीत घालावा लागतो. रात्री उशिरा आलेली बातमी फक्त शहर आवृत्तीत जाते आणि दुसऱ्या दिवशी डाक आवृत्तीत पुन्हा लागते. जो माणूस आदल्या दिवशी कामासाठी खामगावला गेला आणि तिथला अंक वाचून आला, त्याला जानेफळात ती शिळी वाटणारच. शिवाय जिल्हा माहिती कार्यालयाची प्रेसनोट जिल्ह्याच्या पानावरही लागते आणि तालुक्याच्या पानावरही. वार्ताहर तेवढीच ओळ चार पत्रांना पाठवतो, कारण एका पत्राच्या मानधनात त्याचं पेट्रोलही निघत नाही. ही शेवटची गोष्ट उपसंपादकांनी हसत सांगितली. मला हसू आलं नाही.

आता शोधण्याच्या पद्धतीकडे वळू, कारण हे क्षेत्र तरुणांना जिथे सगळ्यात जास्त खुणावेल ती जागा हीच. १९९७ मध्ये आंद्रे ब्रोडर यांनी इंटरनेटवरची जवळपास सारखी पानं ओळखण्याची एक युक्ती मांडली. मजकुराचे छोटे छोटे तुकडे पाडायचे, प्रत्येक तुकडा पुढच्यावर थोडा चढलेला ठेवायचा, आणि दोन मजकुरांत असे किती तुकडे सामाईक आहेत ते मोजायचं. या तुकड्यांना त्यांनी छपरावर बसवतात त्या लाकडी फळ्यांवरून नाव दिलं. आपल्या भागात ती रचना कुणालाही लगेच कळेल, कारण कवेलू असेच एकावर एक चढवतात. अमेरिकेत रायन कॉर्डेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच वाट धरून एकोणिसाव्या शतकातल्या हजारो अंकांमधून पुन्हापुन्हा छापलेले मजकूर शोधले, आणि आज विस्मृतीत गेलेल्या कविता, पाककृती, चुटके गावोगाव कसे फिरले हे दाखवलं.

मराठीत हे छप्पर गळतं, आणि ते बुजवणं हेच खरं काम आहे. जिल्ह्याचं नाव कुठे बुलडाणा, कुठे बुलढाणा. ‘जानेफळला’, ‘जानेफळात’, ‘जानेफळचे’, ‘जानेफळ येथील’ हे आपल्याला एकच गाव वाटतं, यंत्राला चार निरनिराळे शब्द. १९६२ च्या शुद्धलेखन नियमांआधीचे अंक घेतले तर ‘गांवांत’सारखे अनुस्वार जागोजागी. अनेक वर्तमानपत्रांचे जुने संगणकीय साठे युनिकोडपूर्व फाँटांत पडून आहेत, ते उघडले तर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. आणि सगळ्यांत गंमत खुद्द ‘वऱ्हाड’ या शब्दाची. त्यातला अर्धा र युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे दिसतात, पण शोधताना एक सापडतो आणि दुसरा निसटतो. म्हणजे आपल्याच प्रदेशाच्या बातम्यांतली पुनरुक्ती यंत्राला सापडत नाही, कारण त्याला आपला प्रदेशच सापडत नाही. पण हे दुरुस्त करायला मोठी प्रयोगशाळा लागत नाही. मराठी नीट येणारे आणि संगणकाला न घाबरणारे चार विद्यार्थी पुरे.

इथवर मोजदाद झाली. अवघड भाग पुढे आहे, आणि तिथे यंत्राचा उपयोग थोडाच.

जून २०२० मध्ये लोणार सरोवराचं पाणी गुलाबी झालं. जानेफळहून मेहकरमार्गे सहज जाता येईल इतक्या जवळचं हे सरोवर अचानक जगभरच्या बातम्यांत आलं. पुढचे काही आठवडे तेच छायाचित्र, तेच ‘शास्त्रज्ञ चक्रावले’, तीच उल्कापाताची माहिती. पण त्याच काळात उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने चौकशी सांगितली, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने पाण्याचे नमुने तपासले, आणि रंग खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्म जीवांमुळे आल्याचं निघालं. वर्षाखेरीला सरोवर रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. गुलाबी रंगाची पहिली बातमी ज्याने पन्नासदा पाहिली, त्याने ही उत्तरं एकदा तरी पाहिली का?

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा आणि आसपासच्या गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले, तेव्हाही असंच झालं. आधी संशय पाण्यावर गेला. मग भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेचं (आयसीएमआर) पथक आलं. पुढे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी राशनच्या गव्हातल्या सेलेनियमकडे बोट दाखवलं. या बातम्यांचे मथळे सारखेच होते, पोटातला मजकूर बदलत होता. १९६५ मध्ये योहान गाल्टुंग आणि मारी होल्मबो रूज यांनी नॉर्वेतली चार वर्तमानपत्रं तपासून बातमी कशाने बनते याचे निकष मांडले. त्यांतला एक असा की जी गोष्ट एकदा बातमीत शिरली ती शिरलेलीच राहते, तिचं वजन घटलं तरी. शेगावच्या टकलाची कथा याचं चांगलं उदाहरण. मात्र ‘तेच ते’ म्हणून कुणी ती पहिल्या आठवड्यात वाचणं सोडलं असेल, तर गव्हाची गोष्ट त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

शेतकरी आत्महत्यांपाशी आल्यावर मी वाचकाची बाजू सोडतो. या बातम्यांचा साचा ठरलेला : वय, कर्ज, नापिकी, मागे पत्नी आणि दोन मुलं. कवेलूवाली युक्ती लावली तर यंत्र त्यांना एकच बातमी ठरवील. वाचकही कंटाळून पान उलटतो, आणि संपादक ते हेरून बातमी आतल्या पानावर चार ओळींत आणतो. इथे मजकूर पुन्हा आला हे खरं, पण माणूस वेगळा गेलेला असतो. माझ्या मते या विषयावरची ‘तेच ते’ ही तक्रार ऐकून घ्यावी आणि अमान्य करावी. साचा मोडणं हे मात्र वार्ताहराचंच काम, आणि तिथे काकांचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

पुनरुक्तीची दुसरी बाजू भीतीची आहे. १९७७ मध्ये लिन हॅशर, डेव्हिड गोल्डस्टीन आणि थॉमस टॉपिनो यांनी लोकांना दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने तीनदा काही विधानं ऐकवली. जी विधानं पुन्हा आली ती लोकांना अधिकाधिक खरी वाटत गेली, मग ती खोटी का असेनात. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणाऱ्या टोळीच्या अफवेतून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच भिक्षेकऱ्यांना ठार केलं. तसे संदेश तेव्हा गावोगाव मोबाइलवर फिरत होते. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. हे प्रकरण समोर असताना पुनरुक्तीला केवळ रुचीचा प्रश्न मानणं मला शक्य होत नाही.

आणि जानेफळातच एक पुनरुक्ती अशी आहे की तिच्याविरुद्ध आजवर कुणी तक्रार केलेली मी ऐकली नाही. आषाढी झाली की शेगावची गजानन महाराजांची पालखी पंढरपूरहून परत निघते आणि लोणार, मेहकर, जानेफळ, शिर्ला, खामगाव असा मुक्काम करत शेगावला पोचते. तिच्या आगमनाची बातमी दरवर्षी जवळजवळ त्याच शब्दांत येते : रांगोळ्या, टाळमृदंग, भाविकांची गर्दी, चहा-फराळाची सोय. ती छापली नाही तर मात्र गावातून फोन जातो. ही बातमी माहिती देत नाही, हजेरी लावते. गाल्टुंगच्या निकषांत तिला जागा सापडणार नाही. कीर्तनाच्या आख्यानात सापडेल, कारण तिथेही कथा सगळ्यांना पाठ असते.

आपल्या भागाला पाठभेद जपण्याची जुनी सवय आहे, हेही नव्या अभ्यासकाने ध्यानात ठेवावं. महानुभाव पंथाच्या ‘लीळाचरित्रा’त मेहकरही येतं आणि लोणारही. महानुभावांनी एकाच लीळेचे वेगवेगळ्या साक्षीदारांकडून आलेले पाठ शेजारी शेजारी नोंदवून ठेवले. त्यांना कुणी पुनरुक्तीचा दोष दिला नाही. उलट त्याच नोंदींवर आजचे संशोधक उभे आहेत.

वाचक हा या अभ्यासाचा पहिला साक्षीदार आहे, आणि आपण त्याची साक्ष कधी नोंदवलीच नाही. शंकर गणेश दात्यांनी १८०० ते १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूची केली, रा. के. लेल्यांनी मराठी वृत्तपत्रांचा इतिहास लिहिला. वाचकांच्या पत्रव्यवहाराची अशी सूची माझ्या पाहण्यात आलेली नाही. ती तालुक्या-तालुक्यांतूनच उभी राहील. तेव्हा एक विनंती. घरात माळ्यावर जुन्या अंकांचे गठ्ठे असतील तर रद्दीवाल्याला बोलावण्याआधी वाचकांच्या पत्रांची पानं वेगळी काढा, कोपऱ्यात अंकाची तारीख पेनाने लिहा, आणि गावच्या वाचनालयात नेऊन द्या. ‘हे तर आधीच छापलं होतं’ अशी तक्रार करणारं पत्र सापडलं, तर ते गठ्ठ्यात सगळ्यांत वर ठेवा.