पुरलेला रणगाडा

रणगाडा हें मूळचें चालतें यंत्र. चालणें हाच त्याचा धर्म. ज्या जर्मन सैन्यानें १९४० सालीं रणगाड्यांच्या वेगावर अवघ्या सहा आठवड्यांत फ्रान्स जिंकला, त्याच सैन्यावर पुढें चार वर्षांच्या आंत रणगाड्यांचे फिरते बुरूज जमिनींत पुरून बसण्याची पाळी आली. या पुरलेल्या बुरुजांच्या आणि त्यांच्याशीं झुंजलेल्या चिलखती गाड्यांच्या लहान प्रतिकृति तयार करण्याचा छंद आज देशोदेशीं पुष्कळांना आहे. वरवर पाहणाऱ्यास हा पोरखेळ वाटेल. परंतु प्रमाण सांभाळून केलेली प्रतिकृति कित्येकदां ग्रंथापेक्षां अधिक स्पष्ट बोलते. आणि ती जें बोलते त्यांत मराठी सैनिकाचीही हकीकत आलेली आहे.

प्रतिकृतीची कला महाराष्ट्राला परकी नाहीं. दिवाळी आली कीं अंगणाअंगणांत माती, दगड आणि गोणपाट यांचा किल्ला उभा राहतो. त्याला बुरूज येतात, तट येतो, तळें येतें, आणि उतारावर हळीव किंवा मोहरी पेरून हिरवळही उगवते. त्या किल्ल्यांत एकच उणीव असते, ती प्रमाणाची. मावळा दरवाजाहून उंच, आणि सिंहासनावरील महाराज बालेकिल्ल्याएवढे! बालकांच्या भक्तीला तें शोभतें. परंतु किल्ला कां टिकला आणि कां पडला, हें ज्याला समजून घ्यावयाचें आहे, त्यानें उंची, जाडी आणि अंतर हीं मोजलींच पाहिजेत. लष्करी प्रतिकृति करणाऱ्यांचें सारें शास्त्र या मोजमापांत आहे.

भुईसपाट मोर्चाची ही कथा आफ्रिकेच्या किनाऱ्यावर सुरू होते. लिबियांतील टोब्रुक बंदराभोंवतीं इटालियनांनीं सिमेंट-काँक्रीटचीं ठाणीं बांधलीं होतीं. त्यांचा कांठ जमिनीच्या पातळींतच असे. त्यामुळें हल्ला करणारा अगदीं जवळ येईपर्यंत त्याला तीं दिसत नसत. ही रचना जर्मनांना इतकी पसंत पडली कीं, एका माणसाला उभें राहतां येईल एवढ्या वर्तुळाकार तोंडाचा जो काँक्रीटचा खड्डा त्यांनीं पुढें फ्रान्सपासून इटलीपर्यंत सर्वत्र बांधला, त्याला ‘टोब्रुक’ हेंच नांव पडलें.

याच टोब्रुकच्या वेढ्याच्या रेषेवर जून १९४२ मध्यें पांचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी पलटण उभी होती. २० जूनला पहांटे रोमेलच्या विमानांनीं बाँबवर्षाव केला, सुरुंगांच्या पट्ट्यांतून वाटा पाडण्यांत आल्या, आणि हल्ल्याचा पहिला घाव अकराव्या भारतीय ब्रिगेडमधील या मराठ्यांच्याच आघाडीवर बसला. ठाण्यांच्या काँक्रीटला रणगाड्यांची लाट थोपवितां आली नाहीं. दुसऱ्या दिवशीं टोब्रुक पडलें आणि तीस हजारांहून अधिक सैनिक कैद झाले. ज्या शब्दानें आज जगांतले प्रतिकृतिकार एका जातीच्या बंकरला ओळखतात, त्या शब्दामागें सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या मुलखांतल्या कित्येक घरांची चिंता दडलेली आहे.

पुढें जर्मनांनीं या वर्तुळाकार तोंडावर जुने बुरूज बसविण्याचा उपक्रम केला. फ्रान्सकडून हातीं आलेले, पहिल्या महायुद्धाच्या अखेरीचे रेनॉल्ट रणगाडे आतां रणांगणास निरुपयोगी झाले होते. त्यांचे बुरूज अटलांटिक किनाऱ्यावर काँक्रीटच्या माथ्यावर चढले. झेकोस्लोव्हाकियाकडून घेतलेल्या रणगाड्यांचीही तीच गत झाली. येथपर्यंत ही केवळ काटकसर होती. परंतु १९४४ मध्यें इटलींत ‘पँथर’ या नव्या आणि बलाढ्य रणगाड्याचा बुरूज पुरला जाऊं लागला, तेव्हां ती काटकसर राहिली नाहीं. पुढें जाण्याची आशा मावळल्याची ती कबुली होती.

पँथरचें हें ठाणें म्हणजे जमिनींत उतरविलेली पोलादी पत्र्यांची दुमजली पेटी. वरच्या मजल्यावर बुरूज, खालीं तिघां सैनिकांस निजावयास फळ्या, एक शेगडी, वीज निर्माण करणारें लहान यंत्र आणि तोफेचे गोळे. आंत-बाहेर जाण्यासाठीं मागील बाजूस खंदकाची वाट. रणगाड्यांत बुरूज फिरविण्यास इंजिनाचें बळ मिळे. येथें इंजिनच नसल्यामुळें तो हातानें फिरवावा लागे.

आतां हें ठाणें १ : ३५ या प्रमाणांत टेबलावर उभें करावयाचें झाल्यास काय दिसतें? तोफेची नळी सव्वापांच मीटर लांब. ती प्रतिकृतींत बरोबर १५ सेंटिमीटर होते. तिच्याजवळ उभा केलेला सैनिक पांच सेंटिमीटरसुद्धां भरत नाहीं. बुरुजाच्या तोंडाचें पोलाद १०० मिलिमीटर जाड, म्हणून तेथें जवळजवळ तीन मिलिमीटरचा पुठ्ठा हवा. परंतु रणगाड्यावरील बुरुजाचें छत केवळ १६ मिलिमीटरचें. त्याला अर्ध्या मिलिमीटरचा कागद पुरतो. खास पुरण्यासाठीं जे बुरूज घडविले, त्यांचें छत मात्र ४० मिलिमीटरचें केलें होतें. असें कां, हें हात काम करतां करतांच उमगतें: चालत्या रणगाड्याला समोरून येणाऱ्या गोळ्याचें भय, तर एका जागीं खिळलेल्याला आकाशांतून पडणाऱ्याचें. पेटीची एक भिंत कापून उघडी ठेवली कीं दुसरी गोष्ट ध्यानांत येते. जमिनीवर दिसतो तो भाग किती थोडा, आणि खालीं अडकलेलीं माणसें किती खोल!

या तोफांचें सामर्थ्य २३ मे १९४४ रोजीं रोमच्या दक्षिणेस ‘हिटलर लाइन’ या तटबंदीवर दिसून आलें. कॅनडाच्या पायदळाबरोबर पुढें सरकणारे ब्रिटिश चर्चिल रणगाडे या बुरुजांनीं एकामागून एक टिपले. तरी त्याच दिवशीं ती फळी फुटली. मागें सरणाऱ्या सैन्याला पुरलेला बुरूज बरोबर नेतां येत नाहीं. फळी फुटली कीं तो गमावलाच.

इटलींतील अशा तटबंद्यांपुढें अखेर पायदळालाच जावें लागे, आणि त्या पायदळांत मराठे होते. १० जुलै १९४४ रोजीं टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यांत माणगांव तालुक्यांतील पळसगांवचे नाईक यशवंत घाडगे यांच्या तुकडींतील बाकी सारे मशीनगनच्या माऱ्याखालीं पडले. घाडगे एकटे धांवून गेले, त्यांनीं तो मोर्चा संपविला आणि तेथेंच शत्रूच्या गोळीस बळी पडले. ९ एप्रिल १९४५ रोजीं सेनिओ नदीच्या कांठीं संगमनेर तालुक्यांतील निमजचे शिपाई नामदेव जाधव यांनीं दोन जखमी सोबत्यांना खोल पाण्यांतून आणि सुरुंगांच्या पट्ट्यांतून मागें आणून पोंचविलें. नंतर परत जाऊन तीन मशीनगन बंद पाडल्या. नरसी येथें जन्मलेल्या ज्या संताचें नांव महाराष्ट्रांत पिढ्यान् पिढ्या ठेवलें जात आहे, तें नांव असें इटलीच्या नदीकांठीं पोंचलें. दोघांनाही व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. घाडग्यांच्या स्मरणार्थ २०२३ सालीं इटलींतील मोंतोने गांवीं छायायंत्र उभारण्यांत आलें.

ज्याला असल्या प्रतिकृति कराव्याशा वाटतील, त्याला मोजमापासाठीं फार दूर जावयास नको. अहमदनगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, १९९४ सालीं उघडलेल्या रणगाडा-संग्रहालयांत व्हॅलेंटाइन, मटिल्डा, चर्चिल हे त्या युद्धांतले रणगाडे प्रत्यक्ष उभे आहेत. पोलादाला हात लावून जाडी समजते, ती चित्रावरून समजत नाहीं. मात्र बुरूज आणि रणगाडा यांच्याबरोबर आणखी एक वस्तु टेबलावर अवश्य असावी: सेनिओच्या बांधाचा एक तुकडा, आणि त्यावर पांच सेंटिमीटरहून कमी उंचीचा एक मराठा शिपाई. प्रमाण नीट सांभाळलें असेल, तर तो त्या पोलादापुढें फार लहान दिसेल. त्यानें काय केलें याचें मोल पाहणाऱ्याला त्या लहानपणावरूनच कळेल.