एकत्र राहण्यापूर्वीचे करार : देगानिया आणि नहलाल

दिनांक 28 ऑक्टोबर 1910 रोजी दहा तरुण व दोन तरुणी किन्नेरेट सरोवराच्या दक्षिणेस उम्म जुनी येथे येऊन राहिल्या. त्यांच्या वस्तीला पुढे देगानिया हे नाव मिळाले व किबुत्झांची ती जननी ठरली. जमीन राष्ट्राची, श्रम स्वतःचे, मिळकत सर्वांची, इतक्यावर त्यांचे एकमत होते. वरवर पाहता इतके पुरेसे वाटते. परंतु खरे प्रश्न संसार मांडल्यावर उभे राहतात, हे आपल्यापैकी प्रत्येक घराला ठाऊक आहे.

पहिली पाच वर्षे कोणी लग्न करू नये, अशी सूचनाही या मंडळींत पुढे आली होती. ती काही टिकली नाही. लवकरच लग्न झाले आणि 1913 साली गिदोन बाराट्झ हे पहिले मूल जन्मास आले. त्याची आई मिरियम बाळाला घेऊन गोठ्यात कामास जाई. आता बाळाचा खर्च कोणाचा? आई कामावर असता सांभाळायचे कोणी? यावर पुष्कळ वाद झाले. योसेफ बुसेल यांचे मत असे, की मुलांचा भार एकट्या आईबापांवर न टाकता सर्वांनी उचलावा. आणि तेच तत्त्व पुढे मान्य झाले. बुसेल 1919 साली त्याच सरोवरात बुडून वारले, पण त्यांचा विचार राहिला. पुढे अनेक किबुत्झांत मुले रात्रीही बालगृहात झोपू लागली. शतक संपेतो ती रीत मोडली. आम्ही शिक्षक असल्याने हे विशेष जाणवते, की मोठ्यांनी मांडलेल्या तत्त्वाची परीक्षा शेवटी लहानांच्या अंथरुणापाशी होते.

दुसरा वाद संख्येचा होता. माणसे वाढली की एकमेकांना ओळखणे सुटते, म्हणून गट लहानच असावा, असे देगानियाच्या मंडळींना वाटे. त्यामुळे 1920 साली शेजारीच देगानिया बेत वसविण्यात आले.

काहींना मात्र ही रीतच मानवेना. सामाईक स्वयंपाकघर नको, आपली चूल आपल्या घरी असावी, असे त्यांना वाटत होते. एलिएझर यफे यांनी 1919 साली पुस्तिका लिहून वेगळा मार्ग मांडला : जमीन राष्ट्राची, मजूर न लावता स्वतःचे श्रम, परस्परांस साहाय्य, आणि खरेदी-विक्री मिळून, घर, मुले व शेतीचा हिशेब मात्र ज्याचा त्याचा. या तत्त्वांवर सप्टेंबर 1921 मध्ये दलदलीच्या, हिवतापाच्या प्रदेशात नहलाल हा पहिला मोशाव वसला. देगानियाचे शमुएल दयान सहकुटुंब तेथे गेले. त्यांचा देगानियात जन्मलेला मुलगा मोशे तेव्हा सहा वर्षांचा होता.

रिखार्ड काउफमान यांनी आखलेला नहलालचा नकाशा आम्ही वर्गात फळ्यावर काढतो. मध्यभागी सर्वांच्या इमारती, भोवती वर्तुळाकार घरे, घरामागून बाहेर पसरलेली शेते. वर्गातील मुलांना ते सूर्याचे चित्र वाटते. जे करारात लिहिले होते तेच जमिनीवर आखले गेले, हे त्यांना सांगावे लागत नाही, ते दिसते.

कोकणात आपल्या पूर्वजांचे तंटे मुकादम व चौगुले मिटवीत. तो करार कोणी लिहिला नव्हता. शनिवारी घाणा बंद ठेवायचा, हे तेल्याच्या प्रत्येक पोराला पाठ होते. येथे निरनिराळ्या देशांतून आलेल्या अनोळखी माणसांना तशी सवड नव्हती. म्हणून त्यांना आधी बोलावे लागले, भांडावे लागले. आमच्या मते यफे यांचे शहाणपण यात आहे, की त्यांनी मोजक्याच गोष्टी बांधून घेतल्या आणि चूल मोकळी सोडली.

तरी मोशावाचाही करार अबाधित राहिला नाही. स्वतःच्या श्रमाचे तत्त्व ठिकठिकाणी सैल झाले व मजूर आले. देगानियाने 2007 साली मिळकत सर्वांची हे तत्त्व बदलून प्रत्येकाची कमाई त्याच्याकडे ठेवली. दुर्बलांसाठी मदतीची तरतूद मात्र केली.

आजही सर्वांत अवघड कलम वारसाचे आहे. मोशावातील शेताचे तुकडे करता येत नाहीत. मुलांपैकी एकानेच ते पुढे चालवायचे. कोकणात भावांच्या वाटण्यांनी वाडीच्या चिंधड्या झालेल्या आपण पाहिल्या आहेत, तेव्हा या नियमाचे कारण आपणांस समजते. पण मुले तीन असतील, तर उरलेल्या दोघांना आईबापांनी काय सांगावयाचे, हे कोणत्याच करारात लिहिलेले नाही.