साउंड ऑफ म्युझिक ते शारदा: गाण्यातून सांगितलेली घरं

नाताळच्या सुट्टीत घरच्यांसोबत 'द साउंड ऑफ म्युझिक' लावलाय? मग एक गोष्ट बघा. १९६५च्या या सिनेमात मारिया सात मुलांना गायला शिकवते आणि शिट्टी वाजवून पोरांना हाकणारा बाप हळूहळू विरघळतो. गाणी काढली तर गोष्टच उरत नाही.

हे आपल्या कृष्णाकाठीही घडलंय. महाबळेश्वरात उगम पावलेली कृष्णा सातारा जिल्ह्यातून सांगलीत येते. याच सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं. त्यात पदं सूत्रधार गायचा. सांगलीला लागून हरिपूर, जिथे वारणा कृष्णेला मिळते. तिथले गोविंद बल्लाळ देवल. त्यांचं 'संगीत शारदा' १८९९ साली रंगभूमीवर आलं.

यात देव नाहीत, राजे नाहीत. पैशाच्या लोभानं कांचनभट आपली कोवळी पोर म्हाताऱ्या भुजंगनाथाला द्यायला निघतो. इथे मात्र पोरगी स्वतः गाते. तिचं पद ओठांवर बसलं, की तिचं दुःखही आपल्यासोबत घरी येतं.

१९२९च्या बालविवाहविरोधी कायद्याला 'शारदा कायदा' म्हणतात. अनेकांना वाटतं, नाव या नाटकावरून पडलं. तसं नाही, ते हरबिलास सारडा यांच्यावरून. त्या कायद्यानं मुलीचं लग्नाचं किमान वय १४ ठरवलं. देवलांची शारदा मात्र त्याच्या तीस वर्षं आधीच सगळ्यांसमोर गात होती.

सिनेमा संपला, की आजीला विचारा: शारदेचं एखादं पद येतं का?